सीमेपलीकडे शेतमाल नेताना : परवाना, पथकर आणि पदरात पडणारा भाव

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पैनगंगेच्या अलीकडे कन्हेरगाव नाका हे गाव लागते. गावाच्या नावाला ‘नाका’ हा शब्द आजही चिकटलेला आहे. आज तेथून हळदीचा, सोयाबीनचा वा हरभऱ्याचा ट्रक नदीपलीकडे जातो, तेव्हा तो एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातो, इतकेच. परंतु ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी याच वाटेने बैलगाड्या हाकल्या, त्यांच्या दृष्टीने ही नदी म्हणजे एका राज्याचा शेवट व दुसऱ्या सत्तेचा आरंभ होता. सीमा ओलांडण्याचा खर्च शेतकऱ्याच्या पदरातून कसा जातो, हे समजून घेण्यास या नदीइतके चांगले उदाहरण मराठवाड्यात दुसरे क्वचितच सापडेल.

करोडगिरीचा काळ

हिंगोलीचा प्रदेश निजामाच्या हैदराबाद राज्यात मोडत असे. पैनगंगेच्या उत्तरेचा वऱ्हाड प्रांत १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. तेव्हापासून नदीच्या दोन तीरांवर दोन सरकारे, दोन कायदे व दोन नाणी नांदू लागली. हैदराबाद राज्याच्या जकात खात्यास लोक ‘करोडगिरी’ म्हणत. कंपनी सरकार व निजाम यांच्यामध्ये १८०२ साली जो व्यापारी करार झाला, त्यात मालाच्या किमतीवर शेकडा ५ हा जकातीचा दर ठरला होता. पुढे दीर्घकाळ हाच दर या राज्याच्या जकातीचा पाया राहिला.

जकातीखेरीज नाण्याचाही प्रश्न असे. अलीकडे हाली सिक्का आणि पलीकडे कलदार रुपया चाले. सात हाली रुपयांस सहा कलदार हा प्रचलित हिशेब होता. बाजारातून परतणाऱ्या शेतकऱ्यास भावाबरोबरच नाण्याची बटाही ध्यानात घ्यावी लागे.

शेकडा ५ म्हणजे नेमका किती भार, हे आजच्या हिशेबाने पाहणे उद्बोधक ठरेल. हळदीचा भाव क्विंटलला १२,००० रुपये आहे असे क्षणभर धरले, तर शेकडा ५ प्रमाणे क्विंटलमागे ६०० रुपये केवळ नाक्यावर गेले असते. ही रक्कम देणारा हात व्यापाऱ्याचा असला, तरी व्यापारी ती भाव ठरवितानाच वजा करून घेतो. सीमेवरील प्रत्येक आकार अखेरीस शेतमालाच्या भावातून निघतो, हा नियम त्या काळीही खरा होता व आजही खरा आहे.

सीमा सरकली

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापार व दळणवळण मुक्त असावे, हे तत्त्व घालून दिले. तथापि, ज्या जुन्या संस्थानांचे उत्पन्न जकातीवर अवलंबून होते, त्यांना ती काही काळ चालू ठेवण्याची सवलत ३०६ व्या अनुच्छेदाने दिली होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेदच वगळण्यात आला. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

या घडामोडीने एक विलक्षण पालट झाला. पूर्वी पैनगंगेपलीकडील वाशीम व पुसद परमुलखात होते आणि निजामाबादची बाजारपेठ आपल्याच राज्यातील होती. १९५६ नंतर वाशीम व पुसद आपले झाले आणि निजामाबाद परराज्यात गेले. निजामाबाद ही दक्षिणेतील हळदीची मोठी पेठ असल्याने हा पालट हिंगोली, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव व कळमनुरी या पाचही तालुक्यांतील हळद उत्पादकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नांदेड व बिलोलीमार्गे मांजरा नदी ओलांडून बोधनकडे जाणारा मालवाहू ट्रक आता महाराष्ट्रातून तेलंगणात प्रवेश करतो.

आज सीमेवर काय लागते ?

राज्याच्या सीमेवर मालाच्या किमतीवर घ्यावयाची जकात आता नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर विक्रीकराचे तपासणी नाकेही उठले. आता खर्चाच्या व कागदाच्या मुख्य बाबी तीन आहेत : वाहनाचा परवाना, रस्त्याचा पथकर आणि मालाची कागदपत्रे.

परवाना : मालवाहू वाहनास परराज्यात जाण्यासाठी राष्ट्रीय परवाना असणे सोयीचे असते. त्यासाठी वाहनमालकास वर्षाला १६,५०० रुपये एकत्रित शुल्क व १,००० रुपये प्राधिकार शुल्क, असे एकूण १७,५०० रुपये भरावे लागतात. वर्षातून ३०० दिवस वाहन चालते असे धरल्यास हा खर्च दिवसाला ६० रुपयांच्या आतच पडतो. शंभर क्विंटल माल घेऊन दोन दिवसांची खेप केली, तर क्विंटलमागे तो सव्वा रुपयाच्याही आत राहतो. याउलट, परवान्याविना वाहन चालविल्यास मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड सांगितला आहे. तात्पर्य, परवाना स्वस्त असून परवाना नसणे महाग आहे. ज्या मालवाहू वाहनाचे भारासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नाही, त्यास या कायद्याच्या ६६ व्या कलमान्वये परवाना लागत नाही. लहान टेंपो बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. विमा, वाहन सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र व प्रदूषण तपासणीचा दाखला मात्र त्यांनाही चुकत नाही.

पथकर : राष्ट्रीय महामार्गावरील पथकर २००८ च्या नियमांनुसार आकारला जातो. २००७-०८ हे आधारवर्ष धरून मोटारीस किलोमीटरमागे ६५ पैसे, हलक्या मालवाहू वाहनास १ रुपया ५ पैसे आणि दोन आसांच्या ट्रकला २ रुपये २० पैसे असे मूळ दर ठरविण्यात आले. त्यांत दरवर्षी वाढ होते. अकोला, वाशीम, हिंगोली व नांदेड यांना जोडून पुढे तेलंगणात जाणारा महामार्ग क्रमांक १६१ वापरणाऱ्यांनी या नियमांतील दोन सवलती जाणून घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, त्याच वाहनाने चोवीस तासांच्या आत परतल्यास दोन खेपांचा पथकर दुपटीऐवजी दीडपट पडतो. दुसरी अशी की, ट्रॅक्टर व बैलगाडी यांना पथकर माफ आहे. फेब्रुवारी २०२१ पासून सर्व नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला आहे. वाहनावर चालू फास्टॅग नसताना पथकर रोखीने भरल्यास तो दुप्पट द्यावा लागतो. म्हणून माल भरण्यापूर्वी फास्टॅगच्या खात्यात पुरेशी शिल्लक असल्याची खात्री चालकाकडून करून घ्यावी.

मालाचे कागद : स्वतःच्या शेतात पिकविलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्यास वस्तू व सेवा कराखाली नोंदणी करावी लागत नाही. मात्र वाळविलेल्या हळदीवर शेकडा ५ कर असल्याने, नोंदणीकृत व्यापारी ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवितो, तेव्हा त्यासोबत ई-वे बिल असावे लागते. साधारणतः दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. वाटेत गाडी नादुरुस्त होऊन मुदत टळल्यास अडचण उभी राहते. शेतकरी स्वतः माल घेऊन जात असल्यास सातबारा उतारा व त्यावरील पिकाची नोंद जवळ ठेवावी. म्हणजे माल स्वतःच्या शेतातील आहे हे दाखविता येते.

क्विंटलमागे हिशेब मांडावा

परराज्यातील चढा भाव ऐकून माल तिकडे नेण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु भावातील फरक हा नफा नव्हे. तो नफा आहे की नाही, हे क्विंटलमागे हिशेब मांडल्यावरच कळते. नमुन्यादाखल असे धरू की, एका ट्रकचे जाण्यायेण्याचे भाडे २०,००० रुपये व पथकर १,००० रुपये आहे. ट्रकमध्ये शंभर क्विंटल हळद असल्यास क्विंटलमागे भाडे २०० व पथकर १० रुपये, मिळून २१० रुपये खर्च पडतो. त्याच ट्रकमध्ये पन्नासच क्विंटल माल असेल, तर हा खर्च ४२० रुपयांवर जातो. शेतकरी ज्या पथकराविषयी सर्वाधिक तक्रार करतो, तो या हिशेबात फार लहान आहे. खरा खर्च अर्ध्या भरलेल्या गाडीचा आहे.

अधिक भरलेली गाडी त्याहूनही वाईट. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार ठरलेल्या वजनापेक्षा अधिक भार नेल्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा माल वाटेत उतरविण्याचा खर्चही निराळा द्यावा लागतो. वरील नमुन्याच्या ट्रकमध्ये एक टन माल अधिक भरला व २२,००० रुपये दंड बसला, तर क्विंटलमागे सुमारे २०० रुपयांचा तोटा होतो. म्हणजे एका टनाच्या लोभापायी संपूर्ण भाड्याइतकी रक्कम गमवावी लागते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चार-पाच लहान शेतकऱ्यांनी किंवा गावातील शेतकरी उत्पादक कंपनीने माल एकत्र करून पूर्ण, परंतु नियमानुसार भरलेली गाडी नेल्यास सीमेपलीकडील बाजार परवडू शकतो. एकट्याने थोडा माल नेणाऱ्यास वसमत किंवा हिंगोलीची घरची पेठच बहुधा अधिक लाभदायक ठरेल.

देशाच्या सीमेवर

राज्याची सीमा आज सहज ओलांडता येते, देशाची मात्र नाही. भारतीय हळदीचा एक मोठा ग्राहक बांगलादेश हा आहे. पश्चिम बंगालमधील पेट्रापोल येथून भारतीय ट्रक सीमेपलीकडील बेनापोलपर्यंत जातो, तेथे माल उतरविला जातो आणि पुढे बांगलादेशी वाहन तो घेऊन जाते. भारत, बांगलादेश, भूतान व नेपाळ या चार देशांनी एकमेकांची वाहने परस्परांच्या रस्त्यांवर चालू देण्याचा करार १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे केला. तथापि, भूतानच्या संसदेत त्यास मान्यता मिळाली नाही व करार पूर्णपणे अमलात आलेला नाही. नेपाळमध्ये जाणाऱ्या भारतीय वाहनास तेथील जकात कचेरीत ‘भन्सार’ भरून मुदतीचा प्रवेश घ्यावा लागतो.

पेट्रापोलसारख्या ठिकाणी गाडी खोळंबली, तर थांबण्याच्या प्रत्येक दिवसाचे भाडे व मालात शिरणारा ओलावा ही नवी करोडगिरीच होय. निर्यात करू इच्छिणाऱ्या गटांना आयात-निर्यात क्रमांक व मसाला मंडळाकडील निर्यातदार नोंदणी आवश्यक असते. ही तयारी हंगामापूर्वीच करावी. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मालाची प्रत व ओळख टिकवून ठेवणाऱ्या गटांना त्याचा उपयोग करून घेता येईल.

गाडी हलण्यापूर्वी

हळद शिजवून, वाळवून व घोळून पोत्यांत भरली, म्हणजे काम संपले असे नव्हे. गाडी हलण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी पाहाव्यात. दोन्ही पेठांतील त्याच प्रतीच्या मालाचे भाव त्याच दिवशी विचारावेत. भाडे, पथकर, हमाली, तोलाई व आडत यांची बेरीज करून ती क्विंटलांच्या संख्येने भागावी. वाहनाचा परवाना, विमा व फास्टॅग स्वतः डोळ्यांखालून घालावेत. काट्यावर वजन करूनच गाडी सोडावी. उतरलेला आकडा भावातील फरकापेक्षा कमी असेल, तरच सीमा ओलांडावी.

पैनगंगेवर जकात मागणारा शिपाई आता उभा नाही. त्या काळी शेतकऱ्याचा हिशेब नाक्यावरचा कारकून करीत असे व तो मान्य करण्यावाचून गत्यंतर नसे. आज तो हिशेब करण्याची मोकळीक शेतकऱ्यास लाभली आहे. तिचा उपयोग गाडी भरण्यापूर्वी, स्वतःच्या खळ्यावरच केला पाहिजे.