मॉड दुसऱ्याचा, कलेक्शन तुमचं; मग नाव काय ठेवायचं?



मनीषनगरच्या आपल्या बॅचमध्ये एक मुलगा येतो. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या मोबाईल गेमसाठी एसटी बसचे मॉड शोधतो, स्वतः चालवून बघतो आणि चांगले तेवढे एकत्र करून शेअर करतो. मेहनत खरी आहे. पण दिवसभर त्याला मेसेज एकच: “दादा, पट्टे खिडकीवर येऊन राहिले!”

कारण साधं होतं. लिव्हरी, म्हणजे बसचा रंग आणि पट्टे, ज्या मॉडेलसाठी बनवली त्यावरच नीट बसते. याच्या फाईलचं नाव ‘एसटी न्यू फायनल 2’. व्हिडिओत तीच बस ‘लाल परी’, लिंकखाली ‘परिवर्तन’. समोरच्याने जुळवायचं कसं?

त्यात एसटीचा कारभार म्हणजे नावांचा डोंगर. 1982 च्या आशियाई खेळांवरून ‘एशियाड’ म्हणून ओळखली जाणारी बस पुढे ‘हिरकणी’ झाली. लोक आजही दोन्ही नावांनी शोधतात. साधी लाल बसही एकसारखी नसते. एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन: दापोडी, चिकलठाणा आणि आपली हिंगणा. बसचे शौकीन बॉडीवरून ओळखतात की गाडी कुठली आहे. हिंगण्याच्या बॉडीवर एमएच 14 ची प्लेट दिसली की कमेंटमध्ये धुलाई ठरलेली!

म्हणून आम्ही क्रम ठरवला: सेवा, बॉडी, मूळ मॉडेल, निर्माता, आवृत्ती. उदाहरणार्थ, ‘परिवर्तन_हिंगणा_’ आणि पुढे बाकीचं. हेच नाव व्हिडिओच्या शीर्षकात, लिंकवर, यादीत, सगळीकडे. फाईलचं नाव मात्र रोमन लिपीत ठेवा. काही झिप ॲपमध्ये देवनागरी अक्षरं बिघडतात. आणि ‘शिवशाही’चं स्पेलिंग एकदा ठरवलं की तेच. ‘एशियाड’सारखं जुनं नाव शोधासाठी वर्णनात टाका, शीर्षकात नको.

आता थांबा, कारण इथे बरेच जण चुकतात. हे झालं तुमचं दाखवायचं नाव. गेम ज्या नावाने मॉड ओळखतो, त्याला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरवरच्या ‘स्कायरिम’मध्ये प्लगइन फाईलचं नाव बदललं, तर तिच्यावर अवलंबून असलेले मॉड तिला शोधत बसतात आणि जुना सेव्हही बिघडू शकतो. ‘स्टारड्यू व्हॅली’त फोल्डरला काहीही म्हणा, चालतं, आतल्या मॅनिफेस्टमधला युनिक आयडी मात्र तसाच राहायला हवा. स्टीम वर्कशॉपवर निर्माता शीर्षक बदलू शकतो, पण मॉडचा आकडी क्रमांक तोच असतो. यादीत तो क्रमांक लिहिलात तर उद्या शीर्षक बदललं तरी तुमचं कलेक्शन हरवत नाही.

एक साधी एक्सेल शीट पुरते. एका कॉलममध्ये तुमचं नाव, दुसऱ्यात मूळ नाव किंवा आयडी, मग निर्माता, मूळ लिंक, आवृत्ती, आणि परवानगी मिळाली का ते.

परवानगीचा कॉलम रिकामा असेल तर फाईल पुन्हा अपलोड करू नका, मूळ लिंक द्या. निर्मात्याचं नाव खोडून स्वतःचं टाकणारे आहेत. एक तक्रार आली की अख्खं चॅनल अडचणीत येतं. दुसऱ्याचा मॉड विकायचा तर विषयच नको. तुमची कमाई चॅनलमधून होईल, किंवा कोणाला फोनवर, कॉम्प्युटरवर सेटअप करून देण्यातून. तेही गेमच्या अटी वाचूनच.

आपल्या या मुलाला एक त्रास अजून आहे. जुन्या नावाने डाउनलोड केलेल्यांना नवीन यादी कळेना. मग त्याने जुने व्हिडिओ न उडवता प्रत्येकाच्या वर्णनात पहिल्याच ओळीत ‘जुनं नाव हे, आता नाव हे’ असं टाकायला घेतलंय. रोज पाच-सहा व्हिडिओ होतात. गेल्या रविवारी तो क्लासला उशिरा आला, तेव्हाही फोनवर हेच चालू होतं.