पटाखालचा हात

काळा घोडा जागचा हलतो, दोन प्याद्यांच्या मधून सरकतो आणि नेमक्या घराच्या मध्यावर येऊन थांबतो. पटाला कुणाचाही हात लागलेला नसतो. ‘स्क्वेअर ऑफ’ नावाचा हा बुद्धिबळाचा पट मुंबईत घडला. भव्य गोहिल आणि आतुर मेहता या तरुणांनी २०१६ मध्ये तो किकस्टार्टरवर मांडला आणि पट हाती येण्याआधीच देशोदेशीच्या लोकांनी त्यासाठी पैसे भरले.

सगळी करामत पटाच्या पोटात आहे. एक चुंबक मोटारींच्या जोरावर आडवा-उभा फिरतो. प्रत्येक सोंगटीच्या बुडातही चुंबक बसवलेला असतो, त्यामुळे खालचा जाईल तिकडे वरची सोंगटी जाते. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणला सीएनसी यंत्रावर पाळी करून रावेतला परतणाऱ्या कामगाराला ही एक्स-वाय चाल वेगळी समजावून सांगायला नको.

खरी परीक्षा घोड्याची. माणूस तो उचलून ठेवतो. यंत्राला उचलता येत नाही. म्हणून घोडा घरांमधल्या रेषेवरून न्यावा लागतो आणि तिथे भूमितीचा हिशेब चोख लागतो. घर ५० मिलिमीटरचे असेल, तर सोंगटीची बैठक २५ मिलिमीटरहून कमीच हवी, नाहीतर शेजारच्या प्याद्याला धक्का बसतो. सोंगटी मारताना आधी मेलेली सोंगटी बाहेर काढायची, मगच मारणाऱ्याने तिच्या घरात शिरायचे. कॅसलिंगमध्ये हत्तीला राजाला वळसा घालावा लागतो.

या कल्पनेला मोठी परंपरा आहे. केम्पेलेनच्या १७७० च्या, बुद्धिबळ खेळणाऱ्या ‘तुर्क’ यंत्रात माणूस लपलेला असे. स्पेनच्या तोरेस केवेदो यांचे १९१२ चे यंत्र मात्र राजा आणि हत्ती घेऊन एकट्या राजावर खरोखर मात करी. त्याच्या पुढच्या आवृत्तीत सोंगट्या पटाखालच्या चुंबकांनी हलत. १९८३ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने असा पट बाजारात आणला. मुंबईच्या पटाने त्याला मोबाइल जोडला. आता समोरचा खेळाडू परदेशात बसलेला असला, तरी त्याची चाल आपल्या पटावर उमटते. मला याचे मोल फार वाटते. जगज्जेत्याला हरवणारी गणिते आज साध्या फोनमध्ये मावतात. पण दूरच्या माणसाबरोबर एकाच पटावर बसल्याचा आनंद फोनच्या पडद्यावर मिळत नाही.

‘स्क्वेअर ऑफ’ची सुरुवात झाली ती दृष्टिहीनांना खेळता यावे या विचारातून. चारुदत्त जाधव यांच्यासारख्यांनी भारतात दृष्टिहीनांचे बुद्धिबळ उभे केले. दृष्टिहीनांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, चाल मोठ्याने सांगितली जाते आणि सोंगट्या भोकांत खोचलेल्या असतात, कारण बोटांनी चाचपताना डाव मोडता कामा नये. आपोआप सरकणारी सोंगटी अशी खोचून ठेवता येत नाही. हाताला घट्ट लागेल, पण यंत्राच्या ओढीने सुटेल अशी सोंगटी करणे हे पुढचे काम आहे. रावेतला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि सुटे भाग घडवणारे कारखाने जवळच आहेत. इथल्या मुलांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हाच प्रश्न घ्यावा.