मागच्या रांगेतला आवाज

देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरलेली. खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी उठली आणि वरच्या आळीच्या नळाला आठ दिवस पाणी नाही, असं सांगू लागली. माईक तिच्या हातात दिला, पण भोंग्यातून काही उमटेना. "मोठ्यानं बोला की आजी!" पुढून कुणीतरी ओरडलं. "आता आणि किती मोठ्यानं बोलू, बाबा?" असं म्हणून आजी खाली बसल्या. इतिवृत्तात नळाचा विषय आला नाही. जे ऐकूच येत नाही ते लिहिणार कोण?

दोष आजींच्या घशाचा नव्हता. अ‍ॅम्प्लिफायरचा माईकचा भाग जळालेला, म्हणून वायर 'ऑक्स'च्या तोंडात खुपसलेली. हे तोंड टेपरेकॉर्डर किंवा मोबाईलसाठी असतं. त्याला काहीशे मिलिव्होल्ट लागतात आणि भजनी मंडळाचा साधा माईक देतो जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट. पाझराच्या पाण्यावर पाट कसा वाहणार? मध्ये हा आवाज शंभरेक पटीनं वाढवणारी डबी हवी. तिलाच प्रीअ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. रेडिओ दुरुस्ती शिकलेल्या गावातल्या एका पोरानं ती एका संध्याकाळी घरीच बनवली.

सामान मूठभर

बीसी ५४७ जातीचा एक ट्रान्झिस्टर, ४.७ किलोओहम आणि १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर, १, १० आणि १०० मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक बटण, जाळीचं वेष्टण असलेली शिल्डेड वायर आणि एक पत्र्याचा डबा. तालुक्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हे सगळं मिळतं.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे पाय येतात. एमिटर बॅटरीच्या वजा टोकाला जोडा. कलेक्टर ४.७ किलोच्या रेझिस्टरमधून अधिक टोकाला जोडा. १ मेगाचा रेझिस्टर कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये टाका. माईकची आतली तार १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून बेसला द्या. कपॅसिटरची अधिक बाजू बेसकडे हवी. आवाज बाहेर काढायचा तो कलेक्टरवरून, १० मायक्रोफॅरडमधून. इथे अधिक बाजू कलेक्टरकडे. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बटणाच्या पुढे, अधिक आणि वजा तारांमध्ये बसवा. दोन्ही शिल्डेड तारांची जाळी वजाला जोडा.

डाख देऊन झाल्यावर मीटरनं कलेक्टर आणि वजा यांच्यातला दाब मोजा. चार ते पाच व्होल्ट दिसले, की काम फत्ते. नऊच्या जवळ असेल तर बेसचा डाख सुटला असेल किंवा पाय उलटे लागले असतील.

माईकच नसेल तर मोडक्या टेपरेकॉर्डरमधला बटणाएवढा कंडेन्सर माईक काढा. या जातीचा माईक १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेसलर यांनी तयार केला. त्याला स्वतःला थोडी वीज लागते, म्हणून बॅटरीच्या अधिक टोकापासून १० किलोओहमचा रेझिस्टर त्याच्या आतल्या टोकाला द्या. कवचाला जोडलेलं टोक वजाचं. अशा वेळी १ मायक्रोफॅरडची अधिक बाजू माईककडे फिरवायला विसरू नका.

घूं आणि शिट्टी

जोडणी उघडी ठेवली, तर भोंग्यातून घूं असा आवाज येतो. घरातल्या विजेच्या तारांचा तो परिणाम. पत्र्याचा डबा वजाला जोडून सगळं त्यात बसवलं की तो बराच कमी होतो. पण डब्याला आतल्या इतर तारा टेकू देऊ नका. खाली पुठ्ठा घाला. माईक भोंग्यासमोर धरला तर शिट्टी वाजते, त्याला कुठलाही सर्किटवाला इलाज करू शकत नाही. भोंगे पुढे, माईक मागे, एवढं पाळा.

मुख्य म्हणजे बॅटरी सोडून घरच्या विजेवर हा प्रयोग करू नका आणि जळालेला अ‍ॅम्प्लिफायर स्वतः उघडू नका. नऊ व्होल्टला चूक झाली तर फार तर ट्रान्झिस्टर जातो. २३० व्होल्टला माणूस जातो. सर्किटला वीज दीड मिलिअँपिअरपेक्षाही कमी लागते, त्यामुळे बटण आठवणीनं बंद केलं तर एका बॅटरीवर कितीतरी सभा निघतात.

ही डबी कानठळ्या बसवण्यासाठी नाही. २००० सालच्या ध्वनी नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्यांना मनाई केली, ती योग्यच आहे. आपल्याला हवा आहे तो स्पष्ट आवाज.

पुढच्या ग्रामसभेत माईक पुन्हा आजींकडे गेला. या वेळी त्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या आणि सगळ्या मंडपानं मान वळवली. नळाला पाणी लगेच आलं असं नाही. पण विषय इतिवृत्तात आला, आणि पाण्याची वाट तिथूनच सुरू होते.