लोकवर्गणीची प्रयोगशाळा

विहिरीचे पाणी गढूळ झाले तर ते डोळ्यांना दिसते. दूध नासले तर ते नाकाला कळते. परंतु आधुनिक काळातील कित्येक विषांना रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. त्यांचा पत्ता केवळ उपकरणाला लागतो. अशा वेळी ते उपकरण फक्त सरकारच्या किंवा कारखानदाराच्याच हाती असावे काय? फ्रान्समधील काही नागरिकांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे.

२६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला आणि किरणोत्सारी ढग युरोपभर पसरले. पश्चिम जर्मनी व इटली या देशांत दूध आणि पालेभाज्या यांवर निर्बंध आले. फ्रान्सच्या कृषिमंत्रालयाने मात्र ६ मे रोजी पत्रक काढले की, अंतर मोठे असल्यामुळे फ्रान्सची भूमी या संकटातून पूर्णपणे बचावली आहे. ढगांनी नेमकी आपलीच सरहद्द कशी पाळली, याचा उलगडा लोकांना होईना. तेव्हा द्रोम या आग्नेयेकडील जिल्ह्यात जीवशास्त्राच्या शिक्षिका मिशेल रिवाझी यांनी काही सहकाऱ्यांसह त्याच वर्षी ‘क्रीराद’ ही संस्था स्थापन केली. किरणोत्साराचे स्वतंत्र मापन करावे आणि त्याचे आकडे लोकांपुढे ठेवावे, एवढाच तिचा हेतू. वालान्स शहरात तिची प्रयोगशाळा उभी राहिली. रिवाझी पुढे फ्रेंच व युरोपीय संसदेच्या सभासद झाल्या. २०२३ साली त्यांचे निधन झाले. संस्था मात्र त्यांच्यावाचूनही चालू राहिली.

अशी प्रयोगशाळा चालवणे म्हणजे काय, हे तिच्या रोजच्या कामावरून समजते. माती, दूध किंवा आळंबी यांचा नमुना शिशाच्या जाड भिंतींच्या पेटीत ठेवतात, कारण भोवतालच्या दगडविटांतूनही थोडे किरण सदैव येतच असतात. आत जर्मेनियमचा शोधक असतो. तो द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड राखावा लागतो. नमुन्यातील अंश अल्प असेल तर मोजणी कित्येक तास चालते. शिवाय ज्यातील प्रमाण आधीच ठाऊक आहे असा प्रमाणित नमुना आणि ज्यात काहीच नाही असा कोरा नमुना मधूनमधून मोजून उपकरणाचीच परीक्षा घ्यावी लागते. नमुना कोणी, कोठून, केव्हा आणला याची नोंद चुकली, तर पुढचे सारे श्रम वाया जातात.

खरी अडचण पुढेच आहे. आपल्याकडे देवळाला घंटा द्यायला दाता लवकर मिळतो, नंदादीपाच्या तेलाला मिळत नाही. प्रयोगशाळेचेही तसेच आहे. नवे यंत्र घेऊन द्यायला देणगीदार पुढे येतात. पण नायट्रोजन, वीज, दुरुस्ती आणि मुख्य म्हणजे जाणत्या माणसांचे वेतन, हा खर्च महिन्याच्या महिन्याला उभा असतो. म्हणून अशा संस्थेला एका मोठ्या देणगीपेक्षा हजारो लहान वर्गण्यांचा आधार अधिक मोलाचा वाटतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा जगाचा रिवाज. पोळी हजार घरांची असली, म्हणजे टाळी कोणा एकाची वाजवावी लागत नाही. क्रीराद सभासदांच्या वर्गणीबरोबरच शुल्क घेऊन तपासणी करते. रोन नदीच्या खोऱ्यातील हवापाण्यावर देखरेख ठेवण्यासाठी स्थानिक संस्थांचे साहाय्यही घेते. मात्र जेथे काम मोबदल्याचे असते, तेथे निकाल प्रसिद्ध करण्याचा हक्क कोणाचा, हे आधीच ठरवून घेणे शहाणपणाचे ठरते.

पैसा स्वतंत्र असला म्हणजे विश्वास आपोआप येतो, असे नाही. याचा अनुभव भारतातही आला. दिल्लीची ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ ही बिनसरकारी संस्था क्रीरादपेक्षा पुष्कळ मोठी. शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचे तिच्या प्रयोगशाळेने २००३ साली जाहीर केले, तेव्हा उत्पादकांनी प्रयोगशाळेच्या पात्रतेवरच बोट ठेवले. संसदेने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली आणि २००४ च्या फेब्रुवारीत समितीने संस्थेचा निष्कर्ष ग्राह्य मानला. दुसऱ्याने पुन्हा मोजले तरी जो आकडा टिकतो, तोच लहान प्रयोगशाळेचे खरे संरक्षण.

मापनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. चेर्नोबिलचे सेझियम फ्रान्सच्या मातीत कोठे किती उरले, याचा नकाशासंग्रह क्रीरादने २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात देशाचा पूर्व भाग आणि कॉर्सिका बेट ठळकपणे उठून दिसले. परंतु सत्य दडवल्याबद्दल २००१ साली केलेली फिर्याद न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली सर्वोच्च अपील न्यायालयानेही ती बंद करण्याचा निर्णय कायम केला. किरणोत्सार किती पडला, हे सांगता येते. अमक्याचा आजार त्यामुळेच झाला, हे सिद्ध करणे निराळे. जी प्रयोगशाळा ही रेषा ओलांडते, ती आपल्या खऱ्या आकड्यांचेही मोल घालवते.

२०११ साली जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात झाला, तेव्हा जवळच्या इवाकी शहरातील मातांनी त्याच वर्षी ‘ताराचिने’ ही मापनशाळा देणग्यांवर उघडली. मुलांच्या ताटातील अन्न निर्धोक आहे की नाही, हे त्यांना स्वतः पाहायचे होते. भीती खोटी असेल तर ती घालवणे आणि खरी असेल तर ती वेळीच सांगणे, ही दोन्ही कामे एकाच आकड्याने होतात. तो आकडा विकत घेता येऊ नये असे वाटत असेल, तर नंदादीपाचे तेल मात्र ज्याने त्याने आपल्या घरून आणले पाहिजे.