सुट्टीत मुलांना किल्ला दाखवायला निघताय? आधी दारावरचा फलक वाचा

सुट्ट्या लागल्या की घराघरात एकच प्रश्न असतो, मुलांना न्यायचं कुठे? बहुतेक वेळा उत्तर मॉल, वॉटर पार्क किंवा नातेवाइकांचं गाव असं ठरतं. किल्ले, मकबरे, लेणी मागे पडतात. त्यामागे एक कारण असं आहे की ते आपण मोठ्याने बोलत नाही. अलीकडे इतिहासाचं नाव काढलं तरी वाद होतो, म्हणून आई-वडील म्हणतात, 'नको बाबा, कशाला त्या भानगडीत!'

पण आपण नेलं नाही म्हणून मुलं इतिहासापासून लांब राहत नाहीत. ती मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून तो शिकतात आणि तिथे प्रत्येक राजा एक तर राक्षस असतो, नाही तर फरिश्ता. आमचं म्हणणं साधं आहे. मुलांना त्या जागेवर उभं करा. तिथला दगड काय सांगतो ते त्यांना स्वतः पाहू द्या. मात्र जाण्याआधी तिथले नियम आपण नीट समजून घेऊ या.

कोणतं स्मारक कोणाकडे?

महाराष्ट्रात राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली पावणेतीनशेहून अधिक स्मारकं आहेत. ती केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे असतात. त्यांच्या दारावर 1958 च्या कायद्याचा उल्लेख असलेला फलक असतो. काही स्मारकं राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तर अनेक दर्गे, मशिदी आणि कब्रस्तानं वक्फच्या नोंदीत आहेत. काही ठिकाणी एकाच आवारात दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. म्हणून आत जाण्याआधी दोन मिनिटं थांबा आणि फलक वाचा. शक्यतो मुलांनाच मोठ्याने वाचायला लावा.

नमाजचं काय?

हा प्रश्न आपल्या घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. नियम समजायला अवघड नाही. स्मारक संरक्षित झालं त्या वेळी तिथे इबादत चालू असेल, तर ती पुढेही चालू राहते. त्या वेळी ती बंद असेल, तर नव्याने सुरू करता येत नाही. हा नियम मशिदीला लागू आहे तसाच मंदिराला आणि चर्चलाही लागू आहे. त्यामुळे बंद पडलेल्या जुन्या मशिदीत मुसल्ला अंथरून चौकीदाराशी हुज्जत घालू नका. जवळची चालू मशीद आधीच पाहून ठेवा आणि नमाजच्या वेळा धरून फिरण्याचा बेत करा.

दोन दिवसांचा एक बेत

उदाहरणादाखल छत्रपती संभाजीनगर म्हणजे जुन्या औरंगाबादचा परिसर घेऊ. दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ ही तिन्ही ठिकाणं शहरापासून साधारण तीस किलोमीटरच्या आत, एकाच रस्त्यावर आहेत.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर दौलताबाद गाठा. वरपर्यंत सातशेहून अधिक पायऱ्या आहेत, उन्हात लहान मुलं आणि म्हातारी माणसं थकतात. देवगिरी ही यादवांची राजधानी होती. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीची स्वारी झाली आणि 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली. पंधराव्या शतकातला चांद मिनार बहमनी काळातला आहे. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने कैदेत ठेवलं होतं. म्हणजे मुसलमान बादशहाचा कैदी मुसलमान सुलतानच होता. लढाई राज्यासाठी होती, हे मुलांना इथे वेगळं समजवावं लागत नाही.

याच किल्ल्यात खिलजी काळातली मोठी जामा मशीद आहे. तिचे बरेच खांब जुन्या मंदिरांचे आहेत आणि आज तिथे भारतमातेची मूर्ती आहे. मूल विचारेल, 'हे असं का?' तेव्हा विषय बदलू नका. त्या काळी जिंकणारे काय करत, हे खरं खरं सांगा. आपल्या बाजूचं तेवढं सांगायचं आणि बाकीचं झाकायचं, असं केलं तर मुलं उद्या दुसऱ्याकडून ऐकतील आणि आपल्यावरचा विश्वास गमावतील.

जोहरच्या वेळेला खुलताबादला पोहोचा. हे सूफी संतांचं गाव आहे. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि हजरत जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे इथे आहेत. शिराजींच्या दर्ग्याच्या आवारातच औरंगजेबाची कबर आहे. तो 1707 मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि इथे आणून दफन झाला. कबर साधी आणि मातीची आहे, वर छत नाही. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची आहे. ही कबर राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे. 2025 मध्ये तिच्यावरून बराच वाद पेटला, त्यामुळे इथे जाताना जास्त शिस्त हवी. घोषणा नको, रील नको, कोणाशी वादावादी नको. फातिहा पढायची असेल तर शांतपणे पढा, पाहा आणि पुढे निघा.

याच गावात मलिक अंबरची कबर आहे. पर्यटक तिथे क्वचितच जातात, तुम्ही मात्र मुलांना जरूर न्या. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा वजीर झाला. त्याने खडकी हे शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. शहराला पाणी देणारा नहर-ए-अंबरी त्याचाच. 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी लढले. शरीफजी त्या लढाईत कामी आले. मालोजीराजांनी आपल्या मुलांची ही नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पीरांवरून ठेवली, असं परंपरा सांगते. आमच्या घरातल्या मुलाने तिथे विचारलं होतं, 'मग मलिक अंबर कोणाचा?' आम्ही म्हणालो, 'दख्खनचा.' त्याला ते पटलं.

पुढे वेरूळ. ते मालोजीराजांचं गाव. घृष्णेश्वर मंदिर तिथेच आहे आणि राष्ट्रकूट काळातलं, एकाच कड्यातून कोरून काढलेलं कैलास लेणंही. आपण मुसलमान आहोत म्हणून लेणी टाळण्याचं काही कारण नाही. इबादत वेगळी आणि कारागिरी पाहणं वेगळं. हिंदू, बौद्ध, जैन या तिन्ही धर्मांची लेणी तिथे एका रांगेत आहेत. मंगळवारी वेरूळ बंद असतं, हे लक्षात ठेवा.

दुसरा दिवस शहरासाठी. बीबी का मकबरा ही औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर. मुख्य दरवाजावरच्या कोरीव मजकुरात रचनाकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय अशी दोन नावं आहेत. ती मुलांना शोधायला लावा. बादशहाच्या घराण्यातली इमारत, पण ती उभी करणारे हात दोघांचे होते, हे दारावरच लिहिलेलं आहे. नंतर पाणचक्कीला जा. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळायचं, अशी ती सोय होती. लंगर म्हणजे काय, हे मुलांना इथे चांगलं कळतं. पाणचक्कीची व्यवस्था वक्फकडे आहे.

पुण्याकडून येणाऱ्यांच्या वाटेवरच अहिल्यानगर म्हणजे जुनं अहमदनगर लागतं. तिथल्या किल्ल्यात 1942 नंतर मौलाना अबुल कलाम आझाद आणि पंडित नेहरू कैदेत होते. मौलानांच्या 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रं तिथेच लिहिली गेली. किल्ला लष्कराकडे असल्याने मोठ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं.

खर्च आणि काळजी

दौलताबाद आणि मकबऱ्याला भारतीयांसाठी 25 रुपये, तर वेरूळला 40 रुपये तिकीट आहे. ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी पडतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. निघण्याआधी दर एकदा तपासून घ्या. शुक्रवारची दुपार मोकळी ठेवा.

भिंतीवर नाव कोरणं हा गुन्हा आहे. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जिथे मनाई आहे तिथे चादर, अगरबत्ती, चिराग यांचा आग्रह नको. तेलाने आणि धुराने दगड खराब होतो. खाल्लेल्याचा कचरा पिशवीत घालून परत आणा. सफाई निम्मा ईमान आहे, हे आपण मुलांना रोज शिकवतो. ते दाखवून देण्याची जागा हीच.

या इमारती दुसऱ्या कोणी येऊन सांभाळेल, ही वाट पाहत बसू नये. जे मूल एकदा अताउल्लाह आणि हंसपत राय यांची नावं बोटाने दाखवून येतं, त्याला उद्या कोणीही 'हा देश तुझा नाही' म्हटलं, तरी ते घाबरणार नाही. आणि 'ते आपले दुश्मन' असं कोणी कानात सांगितलं, तर त्यावर विश्वासही ठेवणार नाही. या सुट्टीत एवढं तरी करू या.