स्टँड मिक्सर घ्यावा काय?

घरात नवे यंत्र आणावयाचे झाले म्हणजे प्रथम त्याच्या किमतीची चर्चा होते, मग रंगाची. ते यंत्र नेमके करते काय, हा प्रश्न बहुधा ते घरी आल्यावर निघतो. केक आणि पाव घरी भाजण्याची हौस आता बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद अशा गावांतही रुजली आहे आणि तिच्याबरोबर स्टँड मिक्सरची मागणीही घरोघर ऐकू येते. मागणी करणारी बहुधा मुलेच असतात. म्हणून त्यांच्यासमोरच हा हिशेब मांडणे बरे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपण ज्याला नुसते मिक्सर म्हणतो, ते चटणी वाटण्याचे यंत्र. त्याचे पाते कापते व दळते. स्टँड मिक्सर कापीत नाही. त्याच्या जड बैठकीवर एक भांडे बसते आणि वरून आलेला दांडा स्वतःभोवती फिरत फिरत भांड्याभोवतीही प्रदक्षिणा घालतो. पृथ्वीच्या दोन गती भूगोलात शिकलेल्या विद्यार्थ्यास हे चटकन उमजेल. दांड्याला तीन अवजारे आलटून पालटून लावतात : अंडी व साय फेसण्यासाठी तारांचा फुगा, लोणी-साखर घोटण्यासाठी चपटे पाते आणि कणीक मळण्यासाठी आकडा.

हे यंत्र जन्मले ते पाश्चात्त्य बेकरीत. अमेरिकेतील होबार्ट कंपनीचे अभियंता हर्बर्ट जॉन्स्टन यांनी एका बेकरीवाल्यास लोखंडी पळीने पिठाचा गोळा ढवळताना पाहिले व त्यावरून 1908 च्या सुमारास त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. घरगुती यंत्र 1919 साली ‘किचनएड’ या नावाने निघाले. त्याचे वजन 65 पौंड, म्हणजे सुमारे 29 किलो होते! आजची यंत्रे पुष्कळच हलकी आहेत. परंतु ती आजही गहू, अंडी व लोणी यांच्यासाठीच घडविली जातात.

आपल्याकडे प्रश्न निघतो तो येथेच. बिदर-कलबुर्गीच्या स्वयंपाकघरातील खरे रोजचे कष्ट कोणते? ज्वारीची भाकरी. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांचे ग्लुटेन नावाचे लवचिक जाळे तयार होते. जितके मळावे तितके ते बळकट होते, आणि पावातील वायू तेच जाळे धरून ठेवते. यंत्राचा आकडा हे काम उत्तम करतो. ज्वारीत हे जाळे मुळीच नसते. म्हणून आपल्या आया-आजी पिठात आधणाचे पाणी घालतात. त्याने पिठातील स्टार्च अंशतः शिजून चिकटपणा येतो. मग एका भाकरीपुरता गोळा घेऊन तळहाताच्या मुळाने परातीत दाबून दाबून मळतात व लगेच थापतात. जुन्या पिठाची विरी गेली असेल तर पाणी किती गरम हवे, हे हाताला कळते. आकड्याने ज्वारीचे पीठ नुसते भांड्यात ढकलले जाते. ते कडेला चिकटते आणि शेवटी परात घ्यावीच लागते. भाकरी थापण्याची वेगळी यंत्रे आता निघाली आहेत, तो निराळा विषय. मात्र “आईचे कष्ट वाचतील” असे सांगून स्टँड मिक्सर मागणाऱ्याने आईचे कोणते कष्ट, हे आधी पाहावे. दिवसाला वीस भाकऱ्या थापणाऱ्या मनगटाला वर्षातून तीनदा होणाऱ्या केकने विसावा मिळत नाही.

आता केकच घेऊ. लोणी व साखर घोटताना साखरेचे कण लोण्यात हवेचे बारीक कप्पे करतात; अंडी फेसली की त्यातील प्रथिने हवा कोंडून धरतात. भट्टीत ही हवा व वाफ प्रसरण पावते आणि केक फुगतो. हाताने दहा-पंधरा मिनिटे घोटावे लागणारे लोणी यंत्र चार-पाच मिनिटांत हलके करते. परंतु आपल्या भागात अनेक घरांत अंडे चालत नाही. दही व सोड्याच्या केकमध्ये दह्याचे आम्ल व सोडा मिळून वायू तयार होतो. तेथे फार फेटण्याची गरज नाही, उलट मैदा घातल्यावर अधिक फेटले तर तेच ग्लुटेन बळावून केक वातड होतो. रव्याच्या केकलाही पळी पुरते. अशा घराला या महागड्या यंत्राचा उपयोग मुख्यतः वरची क्रीम फेसण्यापुरता, आणि ती हातात धरावयाच्या लहान विजेच्या फेटणीनेही फेसता येते. शिवाय मोठ्या भांड्यात एकच अंडे घातले तर तारांचा फुगा अनेकदा त्यापर्यंत पोचतच नाही. चार माणसांच्या घराने याचा अवश्य विचार करावा.

विजेची भीती मात्र व्यर्थ आहे. हजार वॅटचे यंत्र दहा मिनिटे पूर्ण जोराने चालले तरी एक षष्ठांश युनिट जळते. दीड हजार वॅटची भट्टी चाळीस मिनिटे अखंड तापली तर एक युनिट होते. पूर्वी कित्येक घरांतून दिवाळीआधी मैदा, रवा, साखर व तूप घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणीत, ते काही उगाच नव्हे!

खरा हिशेब किती वेळा वापरणार याचा. समजा, यंत्र 12,000 रुपयांचे आहे. वर्षाला तीन केक, असे दहा वर्षे केले तर दर केकमागे यंत्राचे 400 रुपये पडतात. तेवढ्यात बेकरीतून लहान केकच येईल. तेच एखादी गृहिणी आठवड्याला चार केक करून विकत असेल तर दोन वर्षांत 416 केक होतात आणि केकमागे 29 रुपयांहूनही कमी येतात. तिने यंत्र खुशाल घ्यावे. विक्रीसाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीही करावी. घरी नित्य दोन-तीन किलो मैद्याचा पाव होत असेल, किंवा करणारीचे खांदे वा मनगट दुखत असेल, तर मग केकमागे किती पडले हे मोजू नये.

परदेशी घडणीचे यंत्र आपल्या चुलीला न मानवल्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. मुंबईच्या माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर भारतीय वाटणाच्या भाराने बंद पडला, तेव्हा त्यांचे पती, अभियंता सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या वाटणाला टिकेल असा मिक्सर बनविला. तोच 1963 चा ‘सुमीत’. स्टँड मिक्सरचीही परीक्षा अशीच घ्यावी. दुकानात नुसती फिरकी पाहून भुलू नये. कणीक किती घालता येते आणि सलग किती मिनिटे चालवावे, हे त्याच्या पुस्तिकेत वाचावे. पुरणपोळीची सैल कणीक व पावाचा घट्ट गोळा यांचा भार सारखा नसतो. ओट्यावर त्याला कायमची जागा आहे काय, तेही मोजावे. माळ्यावर गेलेले जड यंत्र सहसा खाली उतरत नाही. आणि आकडा वाकला तर नवा कोठे मिळेल, हे दुकानदारास विचारावे. उत्तर हैदराबाद किंवा सोलापूर असे आले, तर जाण्यायेण्याचे एस.टी. भाडे किमतीत मिळवून मगच आकडा वहीत लिहावा.