समुपदेशनातच दुखावले गेलात तर

मानसिक आघातातून सावरण्यासाठी माणूस मोठ्या हिमतीने समुपदेशकाकडे जातो. तिथेच दुखावला गेला, तर पुन्हा कुणापुढे तोंड उघडत नाही. घरचे म्हणतात, ‘एवढे पैसे घातले, फरक तर काहीच नाही.’ आणि तोही मनाशी धरून बसतो, की आपल्यातच काही खोट आहे. ही समजूत चुकीची आहे, हे मला कळकळीने सांगायचं आहे.

मी बडोद्याच्या गोरव्यात राहते, बीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपचे हिशेब सांभाळते. हायवेवरच्या अपघातात माझा धाकटा भाऊ गेला; त्या गाडीत मीही होते. आमच्याकडे रिफायनरीचे टँकर सतत ये-जा करतात. त्यांच्या एअर ब्रेकचा आवाज आला, की छाती धडधडायची, हात गार पडायचे, बेरीज अर्ध्यावर सुटायची. पहिल्या समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत सगळा अपघात सांगायला लावला. मला मळमळायला लागलं, ‘आज पुरे’ म्हटलं. तर म्हणाले, ‘मन मोकळं केल्याशिवाय बरं वाटणार नाही.’ पुढे माझं बोलणं त्यांनी परस्पर सासूबाईंनाही सांगितलं. त्यानंतर उरलीसुरली झोपही गेली.

असं का होतं? ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ. १९९२च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या पुस्तकात त्यांनी सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि शोक, मग माणसांत परतणं. आघाताच्या क्षणी आपल्या हातात काहीच राहत नाही. म्हणून उपचारात निर्णय रुग्णाच्या हाती परत यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिकाही हेच बजावते: सांगण्यासाठी दबाव आणू नका. आठवणींवर काम करणारे परिणामकारक उपचार आहेत आणि त्यांत त्रासही होतो. पण तिथे आधी तयारी करून घेतात, संमती घेतात आणि थांबायची मुभा असते.

नंतर मला दुसऱ्या समुपदेशक बाई भेटल्या, त्यांनी आधी विचारलं, ‘दार उघडं ठेवू की लोटून घेऊ?’ अपघाताचा विषय त्यांनी काढलाच नाही. टँकरचा आवाज आला, की पाय फरशीवर टेकवायचे, फरशीचा गारवा जाणवू द्यायचा, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, एवढंच शिकवलं. भावाबद्दल मी बोलले, ते माझ्या मनाने, बऱ्याच नंतर.

नवा तज्ज्ञ निवडताना शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोचू नका. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती तपासता येते. ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र अपुऱ्या प्रशिक्षणावरही लावलेली आढळते. आघातावर काम केलंय का, माझं बोलणं कुणाला सांगाल, मला थांबायचं असेल तर काय कराल, हेही विचारा. प्रश्नांनी जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. आधीच्या ठिकाणी काय खुपलं, तेही नव्या तज्ज्ञाला सांगा. चांगला तज्ज्ञ ते मन लावून ऐकतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाच्या बाजूने उभा आहे. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. जिवाला धोका असेल तेव्हा किंवा कायद्याने सांगितलेल्या मोजक्या कारणांसाठीच त्याला अपवाद. कलम २५नुसार आपल्या वैद्यकीय नोंदी मागता येतात, कलम २८नुसार सेवेतल्या त्रुटींची तक्रार करता येते. तक्रार करायचीच असं नाही. ती ताकद आली की करा. आधी स्वतःला सांभाळा.

बडोद्यात सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आणि कारेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. घराबाहेर पाऊल टाकवत नसेल, तर १४४१६ वर ‘टेली मानस’ला फोन करा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा २०२२पासून चोवीस तास चालते, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर एकटे राहू नका. जवळच्या माणसाला बोलावून घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

घरच्यांनाही एक विनंती. ‘झालं गेलं विसर’ म्हणू नका, खोदून विचारूही नका. दवाखान्यापर्यंत सोबत जा, बाहेर बसा, परतताना ‘काय बोललीस?’ असं विचारू नका. माझी जाऊबाई हे सगळं करायची. साखरेच्या औषधाचा गुण आला नाही, तर आपण डॉक्टर बदलतो; रुग्णाला कुणी नावं ठेवत नाही. मनाच्या दुखण्यालाही तोच न्याय लावा आणि दुसऱ्यांदा मदत मागणाऱ्याच्या पाठीशी उभे राहा.